वाफ्यांच्या कडेस विटा : निवड, मांडणी व हिशेब

पावसाळा संपून थंडीची चाहूल लागली कीं परसबागेची व रोपवाटिकेची नवी आखणी करण्याचे दिवस येतात. आणि त्याबरोबर वाफ्यांच्या कडेस विटा लावाव्या कीं नाहीं, लावावयाच्या तर कोणत्या व कशा, हा प्रश्नही सभासदांकडून आमच्यापुढें येतो. वरवर पाहतां प्रश्न लहान आहे. ऊस, कापूस आणि सोयाबीन यांच्या चिंतेंत असलेल्या शेतकऱ्यापुढें चार विटांची काय मातबरी, असेंही कोणी म्हणेल. परंतु घराशेजारच्या दोन गुंठ्यांत वर्षभराची भाजी काढणाऱ्या कुटुंबास, किंवा रोपें विकून पोट भरणाऱ्या माळ्यास, वाफ्याची कड हा शोभेचा विषय नसून माती, पाणी आणि पैसा यांचा विषय आहे. शिवाय या कामांत आम्ही स्वतः एकदां चांगलेच फसलों आहों. तेव्हां आमच्या चुकीसह सर्व हकीकत वाचकांपुढें ठेवणें, हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

कड कशासाठीं?

प्रथम कडेचें काम काय तें ठरविलें पाहिजे. कारण काम न ठरवितां घेतलेली वस्तु बहुधा महागच पडते.

वाफ्याच्या कडेचें पहिलें काम माती अडविण्याचें. वाफ्यांत आपण वर्षानुवर्षें शेणखत व पालापाचोळ्याचें खत घालतों. त्यानें माती भुसभुशीत होते व वाफा वाटेपेक्षां उंच होतो. अशी माती वळिवाच्या एका सरीनें वाटेवर येते, आणि तिच्याबरोबर आपण घातलेलें खतही येतें. दुसरें काम पाणी मापांत ठेवण्याचें. पाटानें पाणी देतांना वाफ्याची कड एका पातळींत नसेल, तर पाणी सखल जागेवरून फुटतें आणि वरची रोपें तहानलेलीं राहतात. तिसरें काम माणसाचा पाय आंत न पडूं देण्याचें. ज्या जागीं पाय पडतो, तेथील माती दबते, तींत हवा व पाणी नीट शिरत नाहीं. कड दिसली कीं लहान मूलसुद्धां वाटेवरून चालतें.

चौथें काम गवत रोखण्याचें, असें पुष्कळ लोक मानतात. तें अर्धेंच खरें आहे. हरळीचे जमिनीवरून धांवणारे फुटवे कडेशीं येऊन थांबतात व तेथें ते विळ्यानें छाटतां येतात; परंतु तिच्या जमिनीखालील कांड्या विटेच्या तळाखालून आंत शिरूं शकतात. लव्हाळ्याच्या गांठींस तर विटेची कांहींच अडचण वाटत नाहीं. तेव्हां लव्हाळा व कुंदा यांचा बंदोबस्त वाफा तयार करण्यापूर्वींच खणून, वेंचून व उन्हांत वाळवून केला पाहिजे. तो न करितां कड बांधणें म्हणजे चोर घरांत ठेवून दाराला कुलूप लावण्यासारखें आहे.

आमची चूक

आमच्या बागेंत काळ्या जमिनीवर सहा वाफे होते. त्यांस पक्की कड असावी, म्हणून आम्हीं भर वैशाखांत काम काढलें. जवळच्या एका भट्टीवर स्वस्त विटा मिळाल्या. त्या रंगानें किंचित् पिवळट होत्या, पण भाव पाहून आम्हीं तिकडे कानाडोळा केला. चार इंचांचा चर खणून, तळाशीं कांहीं न घालतां, विटा उभ्या केल्या व सिमेंटच्या चुन्यांत पक्क्या जोडल्या. काम फार सुबक दिसलें. पाहणाऱ्यांनीं वाहवा केली, आणि ती आम्हांस गोडही वाटली.

मृगाचे पाऊस पडले, काळी जमीन फुगली आणि कडेचा एक भाग दोन बोटें वर उचलला गेला. त्या ठिकाणीं सांधा उकलून उभी चीर पडली. श्रावणांत संततधार लागली तेव्हां वाफ्यांतील पाण्यास बाहेर पडावयास वाट राहिली नव्हती. दोन वाफ्यांतील वांग्यांच्या मुळ्या कुजून झाडें माना टाकूं लागलीं. पुढल्या हिंवाळ्यांत विटांवर पांढरी बुरशी आल्यासारखें दिसूं लागलें. तो लोणा होता, कारण आमच्या विहिरीचें पाणी थोडें मचूळ आहे. तिसऱ्या वर्षीं विटेस बोट लावावें तों तिची भुकटी हातीं यावी, अशी स्थिति झाली. शेवटीं सर्व कड उखडून नवी करावी लागली. विटांचे पैसे दोनदां गेले, मजुरी तीनदां गेली, आणि एका हंगामाचीं वांगीं गेलीं तीं वेगळींच.

या अपयशांत चार चुका एकत्र आल्या होत्या : वीट कच्ची, पाया नाहीं, जोड ताठर आणि पाण्यास वाट नाहीं. पुढील विवेचन या चार चुकांच्या अनुरोधानें केलें आहे.

वीट कशी पारखावी?

आपल्याकडे बहुतेक विटा उघड्या भट्टींत भाजल्या जातात. अशा भट्टींत सर्व विटांस सारखी आंच लागत नाहीं. बाहेरच्या थरांतील विटा कच्च्या राहतात. त्या पिवळट, हलक्या व मऊ असतात. मधल्या विटा नीट भाजून तांबड्या होतात. आंचेच्या अगदीं जवळच्या विटा कधीं कधीं अति भाजून काळ्या पडतात, वितळून वांकड्यातिकड्या होतात व एकमेकींस चिकटतात. त्यांस खंगर म्हणतात. घराच्या भिंतीच्या आंतल्या भागांत, गिलाव्याखालीं, थोडी कमी भाजलेली वीटही खपून जाते. बागेंत तसें चालत नाहीं. वाफ्याच्या कडेची वीट अर्धी ओल्या मातींत व अर्धी उन्हांत असते, आणि विटेस याहून कठीण जागा सहसा मिळत नाहीं.

याचें कारण असें कीं, विटेंत सूक्ष्म छिद्रें असतात आणि त्यांतून जमिनींतील ओल दिव्याच्या वातींतील तेलाप्रमाणें वर चढते. उघड्या भागावर पाण्याची वाफ होऊन जाते, पण पाण्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. ते छिद्रांतच स्फटिक होऊन बसतात, वाढतात व विटेस आंतून फोडतात. जितकी वीट कच्ची तितकीं छिद्रें अधिक, ओल अधिक व क्षारही अधिक. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी असून वरचा विटांचा आहे. ओल जेथें भिडते तेथें दगड असणें किती सोयीचें, हें त्यावरून ध्यानांत यावें.

विटा घेण्यापूर्वीं पुढील परीक्षा घरच्या घरीं कराव्या. त्यांस कोणत्याही यंत्राची गरज नाहीं.

दोन विटा हातांत धरून एकमेकींवर आपटाव्या. खणखणीत आवाज आला तर वीट भाजलेली. बद्द आवाज आला तर ती कच्ची किंवा आंतून तडकलेली. मग विटेवर खिळ्यानें रेघ ओढावी; चांगल्या विटेवर खोल ओरखडा उठत नाहीं. कमरेएवढ्या उंचीवरून घट्ट जमिनीवर वीट सपाट टाकावी. ती फुटूं नये. एक वीट मुद्दाम फोडून पोट पाहावें. रंग व पोत सर्वत्र सारखा असावा, मध्यें काळसर गाभा, पोकळी किंवा पांढरे खडे नसावे. हे पांढरे खडे म्हणजे मातींतील चुनखडीचे तुकडे. दख्खनच्या बहुतेक जमिनींत चुनखडी असते. ती भट्टींत भाजून कळीचा चुना होते, आणि पुढें पाणी लागतांच फुलून विटेचा टवका उडविते.

यानंतरची परीक्षा पाण्याची. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यांत बुडवून ठेवावी व पुसून पुन्हा तोलावी. भारतीय मानकाप्रमाणें सामान्य प्रतीच्या विटेनें आपल्या वजनाच्या शेंकडा २० हून अधिक पाणी पिऊं नये. वरच्या प्रतींच्या विटेस ही मर्यादा शेंकडा १५ आहे. म्हणजे तीन किलोची कोरडी वीट भिजून ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर ती सामान्य प्रतींतही बसत नाहीं. बागेच्या कामास आम्ही शेंकडा १५ चीच मर्यादा धरावी असें सांगूं. म्हणजे भिजलेली वीट ३ किलो ४५० ग्रॅमच्या आंत असावी. याच भिजविण्यांत चुनखडीचे खडेही आपला गुण दाखवितात.

शेवटची परीक्षा लोण्याची. एका थाळींत इंचभर पावसाचें पाणी घेऊन वीट तींत उभी ठेवावी. पाणी विटेनें शोषून उडून गेलें कीं पुन्हा तेवढेंच घालावें व तेंही आटूं द्यावें. विटेवर पांढरा थर आला नाहीं, अगर दहाव्या हिश्शाहून कमी भागावर आला, तर वीट चालेल. निम्म्या भागापर्यंत आला तर ती बागेंत वापरूं नये. आणि पापुद्रे सुटूं लागले तर त्या भट्टीच्या वाटेस जाऊं नये.

नीरा, प्रवरा व कृष्णा यांच्या काठच्या कालव्याखालील क्षारपड व चोपण जमिनींत, किंवा विहिरीचें पाणी मचूळ असेल तेथें, ही परीक्षा कधींही टाळूं नये.

मांडणी व विटांची संख्या

वीट तीच, पण ती कशी मांडली यावर खर्च दुप्पट-तिप्पट बदलतो. हिशेबासाठीं आपण ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद व ३ इंच जाड अशी वीट धरूं, आणि २० फूट लांब व ५ फूट रुंद असा वाफा घेऊं. पांच फुटांहून अधिक रुंदी ठेवूं नये. कारण दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचला पाहिजे. या वाफ्याचा घेर ५० फूट, म्हणजे ६०० इंच झाला.

पहिली रीत, वीट सपाट पसरून टोंकास टोंक लावण्याची. यास ६७ विटा लागतात. हिची उंची अवघी तीन इंच. जमिनींत रोवली तर वर कांहींच उरत नाहीं, आणि न रोवली तर ती पायानें सरकते. हिरवळीच्या कडेस जमिनीसपाट पट्टी म्हणून ही बरी. माती अडविण्यास निरुपयोगी.

दुसरी रीत, वीट लांब कडेवर उभी करून टोंकास टोंक लावण्याची. यासही ६७ च विटा लागतात, पण उंची साडेचार इंच मिळते. अडीच इंच जमिनींत व दोन इंच वर, अशी ती चांगली बसते. भाजीच्या साध्या वाफ्यास, जेथें माती वाटेपेक्षां दीड-दोन इंचच उंच आहे, तेथें ही रीत सर्वांत काटकसरीची.

तिसरी रीत, वीट टोंकावर उभी करून तिची साडेचार इंची बाजू ओळींत ठेवण्याची. यास १३३ विटा लागतात. उंची नऊ इंच; त्यांपैकीं पांच-साडेपांच इंच जमिनींत जावी. उंच वाफ्यास, उताराच्या जमिनीस व हरळीच्या उपद्रवाच्या जागीं ही योग्य. हिचीच दुसरी तऱ्हा म्हणजे तीन इंची बाजू ओळींत ठेवणें. त्यास २०० विटा लागतात. कड अधिक जाड व बळकट होते, परंतु वाफ्याच्या कामास एवढ्या बळकटीची गरज क्वचित् असते.

चौथी रीत दातेरी. वीट तिरपी रोवून एकीवर एक रेलून ठेवितात, म्हणजे वर करवतीसारखे दांत दिसतात. जुन्या बंगल्यांच्या बागांत व सरकारी विश्रामगृहांत ही फार दिसते आणि दृष्टीस गोडही वाटते. तीन इंची बाजू रेलून मांडल्यास आमच्या वाफ्यास सुमारे १४१ विटा लागतील. पण हिच्यांत एक दोष आहे, तो विकत घेण्यापूर्वीं ओळखावा. दोन दांतांमधील खांच सुमारें दोन इंच खोल असते, आणि माती त्या खांचेच्या तळाच्या वर राहूं शकत नाहीं. म्हणजे विटेचा वरचा दोन इंच भाग केवळ शोभेचा. शिवाय दांतांचीं टोंकें पाण्याच्या बादलीनें व खुरप्यानें लवकर उडतात. फुलांच्या ताटव्यास हवी तर ही रीत वापरावी. भाजीच्या वाफ्यास वापरूं नये.

कोणत्याही रीतीनें हिशेब केला तरी फुटतुटीसाठीं शेंकडा पांच विटा अधिक धराव्या. विटांचा भाव हजारी सांगितला जातो; तेव्हां भट्टीवर जातांना वाफ्यांची संख्या व निवडलेली रीत यांवरून आंकडा काढून मगच जावें. अंदाजानें घेतलेल्या विटा एक तर अंगणांत पडून राहतात, नाहीं तर अर्ध्यावर संपतात आणि दुसऱ्या खेपेची वीट पहिलीशीं जुळत नाहीं.

मातीचा हिशेब

आतां ज्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों ती सांगतों. वीट कशाची होते? मातीची. आणि ती माती पुष्कळदां शेताच्या वरच्या थराची असते. पैशाची नड पडली कीं शेतकरी भट्टीवाल्यास माती उचलूं देतो; तो फूटभर थर जातो, आणि त्या जागीं पिकाचा उतार पुढें अनेक वर्षें भरून येत नाहीं. गाळाच्या थरास बनण्यास किती पूर यावे लागतात, आणि मुरमावर माती तयार होण्यास तर शतकें लागतात, हें आम्हां शेतकऱ्यांस कोणी सांगावयास नको.

वर धरलेल्या मापाच्या २०० विटांचें आकारमान सुमारें १४ घनफूट भरतें. आमचा वाफा १०० चौरस फुटांचा. म्हणजे त्या वाफ्यास २०० विटांची कड केली, तर वाफ्याच्या संपूर्ण क्षेत्रावर जवळजवळ पावणेदोन इंच जाडीचा मातीचा थर बसेल, एवढी माती कोणाच्या तरी शेतांतून गेली. कच्ची वीट वाळतांना व भाजतांना आटते, तो भाग वेगळाच. हीच कड ६७ विटांत केली तर हा थर अर्ध्या इंचाहून थोडा अधिक भरतो. आपल्या वाफ्याची माती वाहून जाऊं नये म्हणून दुसऱ्याच्या शेताची माती भाजून आणणें, यांत जी विसंगति आहे ती सहकारानें वागूं इच्छिणाऱ्या आपल्यासारख्यांस तरी जाणवली पाहिजे.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, जुन्या विटा. पडलेल्या घराच्या, गोठ्याच्या किंवा चुलाण्याच्या पक्क्या विटा वरील परीक्षा करून घ्याव्या. मात्र न्हाणीघराच्या किंवा जनावरांच्या गव्हाणीखालच्या विटांनीं क्षार पुष्कळ प्यालेले असतात. त्या घेऊं नयेत. अर्ध्या विटाही टाकाऊ नव्हेत. साडेचार इंची तुकडे उभे रोवले तर दुसऱ्या रीतीइतकीच उंची मिळते, आणि वळणाच्या वाफ्यास तर तुकडेच अधिक सोयीचे.

दुसरा उपाय खंगर. घराच्या कामास तो वांकडा म्हणून कोणी घेत नाहीं व भट्टीवर स्वस्तांत मिळतो. पण तो पाणी फार थोडें पितो आणि लोण्यास दाद देत नाहीं. ओबडधोबड दिसला तरी ओल्या जागीं तो तांबड्या सुबक विटेस मागें टाकतो. आम्हीं आमची कड दुसऱ्यानें केली ती बहुतांशीं खंगराचीच, व तीच आज टिकून आहे.

तिसरा उपाय राखेची वीट. औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी कोळशाची राख हा मोठा प्रश्न आहे. १९९९ सालीं केंद्र सरकारनें अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आंत मातीच्या विटांत शेंकडा २५ राख मिसळण्याचा नियम केला, आणि पुढें हें क्षेत्र वाढविलें. परळी, एकलहरे, भुसावळ, कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथें मोठीं केंद्रें असल्यामुळें त्या बाजूस राखेच्या विटा सहज मिळतात. त्या भाजावयाच्या नसून चुना किंवा सिमेंट यांनीं घट्ट होतात. म्हणून त्यांस पुरेसे दिवस पाणी मारलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. मापानें त्या एकसारख्या असतात, त्यामुळें मांडणी सोपी जाते. आवाजाची परीक्षा त्यांस लागू करूं नये. पाण्याची व लोण्याची मात्र अवश्य करावी.

जमिनीप्रमाणें पाया

वीट चांगली मिळाली तरी पाया चुकला तर सर्व व्यर्थ. मुरमाड व तांबड्या जमिनींत पायाचें काम थोडें. चर खणून तळ धुमसानें चोपला व वर इंचभर वाळू पसरली कीं झालें. मध्यम जमिनींत वाळूखालीं दोन-तीन इंच मुरूम घालावा.

काळ्या जमिनीचें तसें नाहीं. तिच्यांतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा आपण सर्वांनींच पाहिल्या आहेत. अशा जमिनीशीं ताठरपणानें झुंजूं नये. तिच्याबरोबर थोडें हलतां येईल अशी कड बांधावी. यासाठीं चर नेहमींपेक्षां चार ते सहा इंच अधिक खोल घेऊन त्यांत मुरूम दोन थरांत चोपून भरावा. मुरमाचा दुसराही एक फायदा आहे. जाड कणांच्या थरांतून ओल वर चढत नाहीं, त्यामुळें लोण्याचें मूळच तुटतें. क्षारपड जमिनींत मुरमाऐवजीं बारीक खडी मिळाल्यास अधिक चांगलें.

सिमेंटनें जोड करूं नये. कोरड्या सांध्यांत वाळू भरलेली कड जमीन फुगली कीं किंचित् उचलते व आकसली कीं खालीं बसते; एखादी वीट हललीच तर ती एकटी काढून पुन्हा बसवितां येते. सांध्यांतून जादा पाणीही झिरपून जातें, आणि झाडांच्या मुळ्या कुजत नाहींत.

कामास मुहूर्तही आहे. वैशाखांत जमीन आकसलेली असते व श्रावणांत फुगलेली. दोन्ही वेळीं बांधलेली कड पुढील ऋतूंत सरकते. मार्गशीर्ष-पौषांत काळी जमीन मधल्या स्थितींत असते. तोच काळ योग्य.

बांधण्याची रीत

वाफ्याच्या चार कोपऱ्यांस खुंट्या ठोकून दोरी ताणावी. कोन काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यास एका बाजूस ३ फुटांवर व दुसरीस ४ फुटांवर खूण करावी. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरलें म्हणजे कोन बरोबर. विटेच्या जाडीपेक्षां दोन इंच अधिक रुंद असा चर खणावा. वरची काळी माती वाफ्यांत टाकावी. खालची निर्जीव माती वाटेवर.

तळ चोपून, मुरूम व वाळू घालून, प्रथम चारही कोपऱ्यांच्या विटा बसवाव्या व पाणसळ लावून त्यांची पातळी जुळवावी. पाटानें पाणी द्यावयाचें असेल तर पाण्याच्या तोंडाकडून शेवटाकडे वीस फुटांत इंचभर उतार पुरे. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरीस लावून बाकीच्या विटा बसवीत जावें. वीट हातोड्यानें ठोकूं नये. लांकडाच्या तुकड्यानें हलकेंच ठोकावी. पाणी आंत घेण्यास एक तोंड व जादा पाणी बाहेर सोडण्यास समोरच्या सखल कोपऱ्यांत दुसरें, अशा दोन जागा सुट्या विटेच्या ठेवाव्या; पाहिजे तेव्हां ती वीट काढावी व पुन्हा लावावी.

सांध्यांत कोरडी वाळू झाडूनें लोटावी. विटेच्या दोन्ही अंगांस माती भरून पायानें नव्हे, तर धुमसानें चोपावी. आंतील व बाहेरील माती एकाच वेळीं चोपली म्हणजे कड एका बाजूस झुकत नाहीं. शेवटीं वाफ्यांतील मातीची पातळी विटेच्या माथ्यापेक्षां इंचभर खालीं ठेवावी. हा इंच पाण्यासाठीं राखलेला असतो; तो भरून टाकला तर कडेचा निम्मा उपयोग गेला.

पुढील निगा

कोरड्या सांध्यांच्या कडेस एक धोका आहे, तो लपविणें योग्य होणार नाहीं. सांध्यांतील वाळू धुऊन गेली कीं पोकळी होते, आणि ओलसर सांवलीच्या त्या जागीं शंखी गोगलगाई दिवसा दडून बसतात. २०२२ सालच्या खरिपांत लातूर, बीड व धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) या जिल्ह्यांत गोगलगाईंनीं कोंवळ्या सोयाबीनचा कसा फडशा पाडला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. म्हणून पावसाळ्यापूर्वीं व नंतर एकदां सांधे पुन्हा वाळूनें भरावे, आणि पावसाळ्यांत सायंकाळीं कडेनें फिरून गोगलगाई वेंचून मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. तें पाणी मात्र वाफ्यांत ओतूं नये. सुट्या विटांचा ढीग वाफ्याजवळ ठेवूं नये; त्यांत विंचू राहतो. हललेली वीट उचलतांना ती खुरप्यानें उलथावी, उघड्या बोटांनीं नव्हे. घरांतील मुलांसही हें शिकवावें.

लोणा दिसूं लागल्यास तो धुऊन काढूं नये. पाण्याबरोबर तो पुन्हा विटेंत शिरतो. कोरड्या ब्रशानें झाडून खालीं कागदावर घ्यावा व दूर टाकावा.

विटेचा आग्रह नको

हें सर्व सांगितल्यावर शेवटीं इतकेंच म्हणावयाचें कीं, वीट हा एक पर्याय आहे, धर्म नव्हे. कोंकणांत जांभा हाताशीं असतां भट्टीची वीट बोटीनें-गाडीनें आणण्याचें कारण नाहीं. तो खाणींतून काढतांना मऊ असतो व हवेनें कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत या दगडास जें लॅटरीट हें नांव दिलें, तें लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरूनच; मलबारांत लोक त्याच्या विटा तासून घरें बांधतांना त्यानें पाहिले होते. देशावर शेतांतून वेंचलेले दगडगोटे बांधावर पडून असतात. त्यांची कड विटेहून अधिक काळ टिकते व पैसाही लागत नाहीं. आणि ज्याचा वाफा हंगामी आहे, जो यंदा येथें व पुढल्या वर्षीं तेथें, त्यानें नीट चोपलेला मातीचा वरंबा करावा व त्यावर कांद्याची किंवा लसणाची एक ओळ लावावी. तो वरंबा माती अडवितो, पाणी धरितो आणि शिवाय भाजीही देतो.

वीट घ्यावयाची ती कायमच्या वाफ्यास, पारखून, मोजून आणि शक्य तर जुनी. आमच्या सहा वाफ्यांच्या कडा आतां सरळ आहेत. पण त्या पाहून कोणी वाहवा करीत नाहीं, कारण खंगराचें रूप तें किती असणार! मात्र मागील पावसाळ्यांत वाटेवर चिखल आला नाहीं, आणि वांगीं मकरसंक्रांतीपर्यंत तोडलीं. आम्हांस तेवढें पुरे आहे, आणि आमच्या सभासदांसही तेवढें साधावें, अशी आमची इच्छा आहे.